तिरोडीची शिट्टी

दिवाळी जवळ आली की लोकांच्या घरात बेसन भाजल्याचा वास सुटतो आणि माझं लक्ष घरातून उडतं. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, तरी तेच. बायको म्हणते, "आता कोण येऊन राह्यलं तुम्हाले बोलवाले? खा ना गुपचूप!" पण पहिला सुतळी बाँब फुटला की माझ्या हातातली चकली ताटात परत जाते आणि नजर दाराकडे. कुणाचा कुत्रा सुटला असेल, कुणाच्या गायीनं दावं तोडलं असेल. ही खोड आता माझ्याबरोबरच जाणार.

मी बालाघाटच्या ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. आमचं घराणं मूळ भंडाऱ्याकडचं. राज्यं नव्यानं आखली तेव्हा मधे एक रेघ आली, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो आणि मामे-मावशे महाराष्ट्रात गेले. जनावरांना मात्र अजून कुणी हे सांगितलेलं नाही. त्या काळी दवाखान्यात यायचे बैल, म्हशी, शेळ्या. कुत्रा घेऊन आलेल्या माणसाकडे बाकीचे असे पाहायचे, की जणू त्यालाच काहीतरी झालंय.

बाहेरच्या माणसाला वाटतं, फटाक्यांच्या दिवसांत आमच्याकडे भाजलेली जनावरं येत असतील. ती यायचीच, पण थोडी. जास्त यायची ती भ्यालेली, आणि भीतीचं दुखणं मोठं वंगाळ. त्याला ताप नसतो, सूज नसते, थर्मामीटरला ते सापडत नाही. गाय रवंथ थांबवते, पान्हा चोरते, आणि मालक म्हणतो नजर लागली. गाभण असली तर कधी कधी गाभडते, मग तर सावली पडली म्हणून एखाद्या बाईवरच खापर फुटतं. कुत्रं लाळ गाळतं, अंधाऱ्या कोपऱ्यात उकरत बसतं, नाहीतर डोळे पांढरे करून वाट फुटेल तिकडे पळतं. मालक काय करतो? साखळीनं बांधतो. अरे बाबा, भ्यालेलं जनावर बांधलं की ते स्वतःलाच फास लावून घेतं! हे मी किती वेळा सांगितलं असेल देव जाणे. 'हौ हौ' म्हणायचे आणि घरी जाऊन बांधायचे.

पाडव्याचं तर विचारूच नका. आमच्या भागात पाडव्याला गाय खेळवतात. गाई राखणारे गोवारी लोक डफ-बासरी घेऊन नाचत येतात, शिंगं रंगवलेली, गळ्यात मोरपिसं, सगळं पाहण्यासारखं. पण मग कुणीतरी उत्साही गडी गायीच्या पायाशी फटाक्यांची लडी फोडतो, की ती उसळावी, शिंग उगारावं, आणि लोकांनी टाळ्या पिटाव्या. किरनापूरकडच्या एका गावात नुकती व्यालेली गाय अशी उसळली आणि सरळ कुंपणाच्या काट्यांत गेली. मी शिवत बसलो होतो आणि गावचा पाटील माझ्या डोक्यावर उभा. मी म्हटलं, "पाटील, हिच्याजवळ फटाका लावलाच काहून?"

"गाय खेलली नाई त साल कसं जाईन, डाक्टरसाहेब?"

"आणि गायच गेली त?"

पाटलानं मिशीवरून हात फिरवला. गाय खेळवणं बंद करा असं मी म्हटलं असतं तर गावानं मलाच खेळवलं असतं. म्हणून म्हटलं, व्यालेल्या आणि गाभण गायी आदल्या दिवशीच दूरच्या वावरात नेऊन ठेवा, बाकीच्या खेळवा. तेवढं ऐकलं. या धंद्यात तेवढं ऐकलं तरी खूप.

पण दिवाळीचा माझा जो धसका आहे, तो या गायीचा नाही. तो डोमाजीचा आणि त्याच्या भुऱ्याचा आहे.

डोमाजी तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत सुरुंगवाला होता. म्हणजे दगडाला भोक पाडून त्यात बारूद ठासायची, वात लावायची, लोकांना हटवायचं आणि बत्ती द्यायची. उभा जन्म हेच केलं आणि दोन्ही कान खाणीतच ठेवून आला. काही म्हणजे काही ऐकू येत नसे. बायको आधीच गेलेली. नोकरी सुटल्यावर बालाघाटला आमच्या दवाखान्यामागच्या गल्लीत दोन खोल्या बांधून एकटाच राहायचा. एकटा म्हणजे भुऱ्याबरोबर. भुऱ्या खाणीवरच जन्मलेला गावठी कुत्रा, मातकट रंगाचा, एक कान मोडका.

पहिल्यांदा तो गोचिडीसाठी कुत्र्याला घेऊन आला, तेव्हा मला काही उमगलं नाही. मी तपासत होतो, तेवढ्यात बाहेर कुणी कडी वाजवली. भुऱ्या माझ्या हातातून सुटला, डोमाजीच्या धोतराचा सोगा तोंडात धरून त्यानं त्याला दाराकडे ओढलं. डोमाजी हसला. बहिऱ्या माणसासारखा फार मोठ्यानं बोलायचा तो.

"हे माह्ये कान होत, साहेब! दारात कोनी आलं त सोगा धरते. मांगून गाडी आली त गुडघ्याले ढकलते. याच्यापायी एकला राहून राह्यलो म्या, नाई त पोरीच्या घरी जाऊन पडलो असतो!"

पोरगी म्हणजे विमल, किरनापूरला दिलेली. तिचा जीव सारखा बापात. सासरी माणसं भरपूर, जागा कमी, आणि सासूला कुत्र्याचा विटाळ. बापानं येऊन राहावं असं तिला वाटे. बापाला तिथं जायचं नव्हतं. "तथी म्या कोनाच्या तरी पायात येईन," म्हणायचा. भुऱ्या होता तोवर त्याचं म्हणणं चालत होतं.

डोमाजीची बालाघाटातली पहिली दिवाळी आली. गल्लीत कुणाला भुऱ्याची काळजी नव्हती, मलाही नाही. तिरोडीचा कुत्रा! रोज सुरुंग ऐकत वाढलेला! तो काय लवंगी फटाक्याला भिणार? समोरच्या धान्यवाल्या शेठनं तर डोमाजीच्या दारातच बाँबची माळ मांडली आणि म्हणाला, "ये तो इसके लिये लोरी है।" तिरोडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीच ही चूक करावी. बाहेरचा माणूस असता तर त्यानं आपलं भुऱ्याला घरात घेतलं असतं.

माळ पेटली. भुऱ्या असा ओरडला की मी तसा आवाज कुत्र्याच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. उंबऱ्यावरून उडी मारून गेला तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला शोधायला निघालो, तर डोमाजी आधीच निघालेला. कुणी सांगितलं, कुत्रा रुळांच्या बाजूला दिसला होता. मी सायकल मारत गेलो. लांबून पाहतो तो काय, छोट्या लाइनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, दोन रुळांच्या मधून डोमाजी चाललाय, वाकून झुडपांत पाहतोय, "भुऱ्याऽऽ, भुऱ्याऽऽ" करतोय. आणि त्याच्या पाठीमागून गाडी येतेय. ड्रायव्हर शिट्टीवर शिट्टी देतोय. डोमाजी आपला झुडपं पाहतोय. गुडघ्याला ढकलायला कुणी नव्हतं.

मी सायकल टाकली आणि धावलो. धावताना ओरडत होतो, "डोमाजी! डोमाजी!" बहिऱ्याला हाका मारतोय हे कळत होतं, तरी तोंड थांबेना. ती छोटी गाडी, तिला कुठला वेग! पण त्या दिवशी ती मला वादळासारखी वाटली. शेवटी ड्रायव्हरनं ब्रेक लावले, इंजिन करकरत डोमाजीच्या जवळ येऊन थांबलं आणि तो खाली उतरून शिव्यांवर शिव्या देऊ लागला. त्यानं खांद्याला धरून वळवलं तेव्हा कुठं डोमाजीला इंजिन दिसलं. तो इंजिनाकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. म्हणाला, "भुऱ्या नाई भेटला, साहेब."

भुऱ्या भाऊबीजेला भेटला, वैनगंगेकडच्या एका भाजीच्या वाडीत, विहिरीवर मोटेचं पाणी पडायचं त्या जुन्या दगडी थारोळ्याखाली. पंजे उकरून उकरून रक्ताळलेले. डोमाजी पोटावर सरपटत आत गेला आणि त्याला घेऊन बाहेर आला. मी मलमपट्टी केली. सणाला माहेरी आलेली विमल माझ्या शेजारी उभी होती.

"काका, रुळावरचं मले समदं समजलं," ती म्हणाली. "एक साल पाह्यतो म्या. पुढच्या दिवाळीत हा कुत्रा पयाला, त बाबाले घेऊन जाईन. मंग तो रडो की ओरडो."

तिचं काय चुकलं होतं? मी तिच्या जागी असतो तर एक दिवससुद्धा थांबलो नसतो.

आता सगळे म्हणतील, औषध का नाही दिलं? सांगतो. झोपेची औषधं आमच्याकडे होती. टांग्याच्या एका घोड्याला मी एकदा दिवाळीत दिलं होतं. त्याचे पाय ढिले पडले, मान खाली गेली, मालक खूष. पण मी जवळ जाऊन डोळ्यात पाहिलं, तर तो घोडा आतून पूर्ण जागा होता आणि प्रत्येक बाराला त्याची कातडी थरथरत होती. बिचाऱ्याला पळता येत नव्हतं, एवढंच. तेव्हापासून कानाला खडा लावला. शिवाय भुऱ्या झोपला तर डोमाजीचे कान कोण होणार?

त्या उन्हाळ्यात ढोरांना फऱ्या रोगाच्या लसी टोचायला मी तिरोडीकडे दौऱ्यावर गेलो. खाणीजवळच्या टपरीवर चहा पीत होतो. टपरीपुढे कुत्री पसरलेली. खाणीतून शिट्टी वाजली, मागोमाग कुणीतरी "हटोऽऽ" ओरडलं. कुत्री उठली. घाई नाही, गडबड नाही. आळस देत देत टपरीमागच्या दगडांच्या आडोशाला जाऊन बसली. मग सुरुंग उडाला, माझ्या बशीतला चहा हिंदकळला. कुत्री जागची हलली नाहीत. पुन्हा शिट्टी झाली, तशी उठून जागेवर येऊन पसरली.

मी तो चहा तसाच धरून बसलो. अरे, भुऱ्या आवाजाला भीतच नव्हता कधी! भीत होता तो न सांगता आलेल्या आवाजाला. जन्मापासून त्याच्या जगात आधी शिट्टी, मग आडोसा, मग बार. आणि आमच्या गल्लीत शिट्टी न देता कुणीही कुठंही सुरुंग उडवत होतं.

तिथल्या तिथं मी नव्या सुरुंगवाल्याला गाठलं. छोटेलाल त्याचं नाव. शिट्टी मागितली तर तो दचकला. "साहब, सीटी दे दूँ तो क्या मुँह से बजाऊँ?" मी सगळी हकीकत सांगितली. डोमाजीचं नाव काढताच त्याचा चेहरा बदलला. काम त्यानं डोमाजीच्याच हाताखाली शिकलेलं. डोमाजीची जुनी शिट्टी त्याच्या घरी खिळ्याला लटकत होती, चेमटलेली, म्हणून त्यानं नवी घेतली होती. "फटी आवाज़ है इसकी," म्हणत त्यानं ती माझ्या हातावर ठेवली आणि वर म्हणाला, "दादा को मेरा पाँव पड़ना बोलना।"

बालाघाटला पोचलो तो सरळ डोमाजीच्या दारात. डोमाजी ओसरीवर तूर निवडत होता, भुऱ्या शेजारी. मी पाठीमागूनच शिट्टी वाजवली. भुऱ्याचा मोडका कान उभा राहिला. तो उठला, घरात गेला आणि खाटेखाली शिरून दाराकडे तोंड करून बसला. थरथर नाही, काही नाही. वाट पाहत बसला. डोमाजीला काही ऐकू आलं नव्हतं, पण कुत्र्याचं असं उठून जाणं त्यानं ओळखलं. गर्रकन वळला. माझ्या हातातली शिट्टी घेतली, तिच्या चेमटलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि ती कपाळाला लावली.

त्यानंतर त्याच्याशी खुणा करकरून मी माझा बेत समजावला. समजल्यावर तो एवढंच म्हणाला, "शिट्टी नाई देता म्या जिंदगीत कवा बत्ती नाई देली, साहेब. या गल्लीचे लोकं मोठे बेवकूफ हायेत."

पोळ्यापासून आम्ही सराव सुरू केला. शिट्टी द्यायची. भुऱ्या खाटेखाली जायचा, तिथं डोमाजीचं जुनं घोंगडं अंथरलेलं. मग लांब, गल्लीच्या टोकाला एक टिकली दगडानं फोडायची. पुन्हा शिट्टी, आणि भाकरीचा तुकडा. रोज थोडं जवळ, रोज थोडा मोठा आवाज. घाई केली की खेळ खलास. एकदा मीच उतावीळपणानं लवंगी फार जवळ लावायला सांगितली आणि भुऱ्यानं चार दिवस भाकरीकडे पाहिलं नाही. ते चार दिवस मलाही अन्न गोड लागलं नाही. लोक हसायचे. "डाक्टर कुत्र्याले खानीत भरती करून राह्यले का?"

खरा प्रश्न कुत्र्याचा नव्हता, गल्लीचा होता. दिवाळीच्या आधी मी सगळ्यांना डोमाजीच्या ओसरीवर बोलावलं आणि म्हटलं, यंदा डोमाजीनं शिट्टी दिल्याशिवाय कुणी वात पेटवायची नाही. मग सगळे एकदाच फोडा, पाहिजे तेवढे फोडा. संपले की सांगा, तो दुसरी शिट्टी देईल. शेठ म्हणाला, "डाक्टर साहब, दिवाली साल में एक बार आती है, कुत्ता तो रोज़ है।"

मी काही बोलायच्या आत शेजारची काशीबाई उठली. गल्लीत तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. "शेठजी, मांगल्या साली डोमाजीभाऊ रुळावर कटला असता, त तुमची लक्षुमी पावली असती का तुम्हाले? माह्ये पोरं बाँब फोडतेत त शिट्टी वाजल्यावरच फोडतीन, नाई त त्याहीचे हात फोडतो म्या!"

शेठनं हात जोडले. डोमाजी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होता. त्याला शब्द कळले नसतील, पण तो आत गेला आणि एक लाल फडकं घेऊन आला. खाणीतलं. ते त्यानं ओसरीच्या खांबाला बांधलं आणि गर्जला, "हे फडकं निंगेपर्यंत कोनी बत्ती देईन नाई!" पोरांनी टाळ्या पिटल्या. खरोखरचा सुरुंगवाला हुकूम देणार म्हटल्यावर त्यांना तर डबल दिवाळी झाली.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारीच विमल आली. तिनं येताना रिकामी पेटी आणली होती. ती पेटी खाटेजवळ ठेवून ती पूजेच्या तयारीला लागली, पण पेटीवरून माझी नजर हटेना. डोमाजीनंही ती पाहिली होती. त्यानं खिडक्यांना गोधड्या अडकवल्या, घोंगडं झटकून परत अंथरलं, परत झटकलं. माझ्या घरी पूजेची वेळ झाली होती आणि मी इथं.

दिवे लागले. दुसऱ्या आळीतून एक रॉकेट सूं करत आलं आणि आमच्या छपरावर फुटलं. न सांगता. भुऱ्या ताडकन उठला, डोळे पांढरे, दाराकडे झेपावला. विमलनं "अगं माय!" म्हणत दार अडवलं. डोमाजीनं ना छपराकडे पाहिलं ना आमच्याकडे. त्यानं कुत्र्याकडे पाहिलं आणि शिट्टी तोंडात घालून जीव खाऊन फुंकली. तो फाटका आवाज त्या खोलीत भरून गेला. भुऱ्या थांबला. दाराकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं. आणि वळून घोंगड्यावर जाऊन बसला.

डोमाजीनं ओसरीवरचं लाल फडकं सोडलं, गल्लीला हात केला, आत येऊन दार लावलं. भुऱ्याशेजारी जमिनीवर बसून त्याच्या पाठीवर पंजा ठेवला. मी आणि विमल भिंतीला टेकून बसलो.

मग गल्लीनं वर्षभराची कसर काढली. शेठच्या माळा, काशीबाईच्या पोरांचे बाँब, काय काय ते. आमच्या कानठळ्या बसत होत्या. विमलनं माझं मनगट धरलं होतं ते सोडेना. मी फक्त भुऱ्याकडे पाहत होतो. त्याची जीभ बाहेर होती, डोळे दारावर, भाकरीची वाट पाहत असावा. पाठीवरचा केस हलत नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. डोमाजीचा चेहरा हळूहळू कासावीस होत चालला होता. तो माझ्याकडे पाही, दाराकडे पाही. शेवटी त्याला राहवेना. "काहून थांबले हे लोक?" तो ओरडला. "का झालं? लावून काहून नाई राह्यले?"

मला आधी कळेना तो काय म्हणतोय. मग कळलं. सरावातही डोमाजी असाच हात ठेवून बसायचा, बार त्याला याच हातानं कळायचा. कुत्र्याची पाठ थरथरली की बार झाला.

मी दाराकडे बोट केलं, दोन्ही हातांनी फटाके फुटल्याची खूण केली, पुन्हा केली. फुटतायत. केव्हापासून फुटतायत.

त्यानं खाली कुत्र्याकडे पाहिलं. एक हात होता तिथं दोन्ही ठेवले. तसा बसून राहिला. बाहेर सगळं थांबलं, मग कुणी कडी वाजवली. भुऱ्या उठला, डोमाजीच्या धोतराचा सोगा तोंडात धरला आणि त्याला दाराकडे ओढू लागला. दारात काशीबाई करंज्यांचं ताट घेऊन उभी होती. विमल रडत रडत हसत होती. तिनं पायानंच ती रिकामी पेटी खाटेखाली सरकवली.

डोमाजीनं दुसरी शिट्टी दिली, भुऱ्याला भाकरी दिली, आणि माझ्याकडे वळून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला,

"यंदा मले दिवाळी आयकूच नाई आली, डाक्टरसाहेब!"